चिकाटी होतीच, दार कुणी उघडलं?

मराठी घरांमध्ये अमेरिकेतल्या वर्णभेदाची पहिली ओळख बहुधा एका पुस्तकाने करून दिली. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं आणि गुलामगिरीत जन्मलेला, लोकांचे कपडे धुऊन शिक्षणाचा खर्च भागवणारा, शेंगदाण्यावर प्रयोग करणारा जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर गावोगावच्या वाचनालयांत पोचला. कॅन्ससमधल्या हायलँड गावच्या कॉलेजने त्याला आधी प्रवेश दिला होता. तो प्रत्यक्ष दारात जाऊन उभा राहिला, त्याच्या कातडीचा रंग दिसला आणि प्रवेश नाकारला गेला. पुढे आयोवाच्या कृषी महाविद्यालयात तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि मग पहिला कृष्णवर्णीय अध्यापक झाला. १८९६ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून तो अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत गेला, तो १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिला.

या चरित्राने मराठी वाचकांवर चिकाटीचा जो संस्कार केला, तो मोलाचा आहे. मात्र त्यातली एक गोष्ट वाचताना हातून निसटते. टस्कीगी ही कृष्णवर्णीयांनी कृष्णवर्णीयांसाठी चालवलेली संस्था होती. ती १८८१ मध्ये उभी राहिली नसती, तर कार्व्हरच्या बुद्धीला प्रयोगशाळा कुणी दिली असती? अमेरिकेत डॉक्टर, रसायनशास्त्रज्ञ, गणिती, वकील, वैमानिक म्हणून वर आलेल्या कृष्णवर्णीयांच्या कहाण्या एकेकट्या वाचल्या की डोळे पाणावतात. त्याच कहाण्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की वेगळंच काही दिसू लागतं. चिकाटी सगळ्यांकडेच होती, अपयशी ठरलेल्यांकडेही होती. जिथे तिच्या जोडीला एखादी संस्था, एखादा कायदा, एखादा कोर्टाचा निकाल आला, तिथे दार उघडलं. आणि ते उघडेपर्यंत ज्यांनी धक्के दिले, त्यांनी त्याची मोठी किंमत मोजली.

महाराष्ट्राचा या लढ्याशी जुना संबंध आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ चा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केला. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, म्हणजे हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या शेजारी शिकले. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. दुसऱ्याच्या लढ्यातून आपल्यासाठी नेमकं काय घ्यायचं, याची या दोघांनाही पक्की जाण होती. हा आढावा घेताना तीच दृष्टी कामी येते.

सविस्तर सांगावी अशी गोष्ट व्हिव्हियन थॉमसची. नॅशव्हिलमधला हा तरुण सुतारकाम करत होता आणि डॉक्टर व्हायचं म्हणून पैसे साठवत होता. मंदी आली आणि काम गेलं. फेब्रुवारी १९३० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. काही महिन्यांनी बँक बुडाली आणि साठवलेले पैसेही गेले. थोड्याच काळात कुत्र्यांवरच्या शस्त्रक्रिया तो स्वतः करू लागला, रासायनिक तपासण्या करू लागला, प्रयोगांच्या काटेकोर नोंदी ठेवू लागला. कागदोपत्री मात्र तो सफाई कामगार होता आणि पगारही त्याच दर्जाचा मिळत होता. दुसऱ्या एका कृष्णवर्णीय सहकाऱ्याशी पगाराचं बोलणं निघालं तेव्हा त्याला हे कळलं. त्याने आवाज न चढवता विचारणा केली आणि पगार तंत्रज्ञाच्या श्रेणीत आला.

१९४१ मध्ये ब्लॅलॉक बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेले आणि थॉमसलाही बरोबर घेऊन गेले. तिथे कृष्णवर्णीय माणूस दिसायचा तो झाडलोटीच्या कामावर. पांढरा कोट घातलेला थॉमस व्हरांड्यातून निघाला की येणारे-जाणारे थबकून बघत. शेवटी प्रयोगशाळेतून बाहेर पडताना तो कोट उतरवून ठेवू लागला.

याच रुग्णालयात बालहृदयतज्ज्ञ हेलन टॉसिग यांनी एक प्रश्न पुढे ठेवला. हृदयातल्या जन्मजात दोषामुळे काही बाळांच्या फुप्फुसांना पुरेसं रक्त मिळत नाही, ओठ आणि नखं निळी पडतात आणि बाळं दगावतात. हाताकडे जाणारी एक धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडली तर? थॉमसने जवळपास दोनशे कुत्र्यांवर हा प्रयोग केला. आधी तसाच विकार निर्माण करायचा, मग जोडणीने तो दूर करायचा. एवढ्या बारीक धमनीला टाके घालता येतील अशा सुया मिळत नव्हत्या. त्याने असलेल्या सुया तोडल्या, घासून धार लावली, त्यांना नवी नेढी पाडली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. ही जोडणी ब्लॅलॉक यांनी त्याआधी एकदाच केली होती, तीही थॉमसच्या हाताखाली कुत्र्यावर. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी थॉमस त्यांच्या खांद्यामागे स्टुलावर उभा होता. टाका चुकीच्या दिशेने पडतोय असं दिसलं की तो हळूच सांगायचा. पुढच्या कित्येक शस्त्रक्रिया अशाच झाल्या.

१९४५ मध्ये या शोधाचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर ब्लॅलॉक आणि टॉसिग यांची नावं होती. थॉमसचा त्यात उल्लेखही नव्हता. त्याच्या हाताखाली शिकून गेलेले गोरे सर्जन देशोदेशी नावारूपाला आले. तो मात्र जादा पैशांसाठी कधीकधी ब्लॅलॉक यांच्या घरच्या पार्ट्यांत पेयं वाढायचा. पाहुण्यांमध्ये सकाळी त्याच्याकडे टाके घालायला शिकलेले डॉक्टरही असत. पदवी घ्यावी म्हणून त्याने बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट कॉलेजात चौकशी केली. अनुभवाची सूट मिळणार नव्हती. पहिल्या वर्षापासून सुरुवात केली असती तर डॉक्टर होईपर्यंत पन्नाशी आली असती. त्याने तो विचार सोडला. १९७१ मध्ये त्याच्या विद्यार्थ्यांनी त्याचं तैलचित्र रुग्णालयात लावायला लावलं आणि १९७६ मध्ये विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. तोवर प्रयोगशाळेत शिरल्याला सेहेचाळीस वर्षं झाली होती. ही कहाणी सांगताना बहुतेक जण त्या तैलचित्रापाशी थांबतात. त्या सेहेचाळीस वर्षांचा हिशेब मागायला हवा.

कारण थॉमसला अडवणारी भिंत व्यवस्थित बांधलेली होती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं सभासदत्व स्थानिक वैद्यकीय संघटनांमार्फत मिळायचं आणि दक्षिणेतल्या संघटना कृष्णवर्णीयांना घेत नसत. सभासदत्व नाही म्हणून रुग्णालयात रुग्ण दाखल करण्याची परवानगी नाही, ती नाही म्हणून शस्त्रक्रियेचा सराव नाही, सराव नाही म्हणून तज्ज्ञपद नाही. एकही दरवाजा ‘काळ्यांना बंदी’ अशी पाटी लावून बंद करावा लागत नव्हता. डॉक्टर डॅनियल हेल विल्यम्स यांनी १८९१ मध्ये शिकागोत प्रॉव्हिडंट हॉस्पिटल काढलं, तिथे कृष्णवर्णीय डॉक्टर आणि परिचारिकांना प्रशिक्षण मिळू लागलं. दोन वर्षांनी विल्यम्स यांनी तिथेच सुऱ्याने भोसकलेल्या माणसाच्या हृदयाभोवतीचं आवरण शिवलं आणि रुग्ण जगला. १८९५ मध्ये कृष्णवर्णीय डॉक्टरांनी नॅशनल मेडिकल असोसिएशन ही स्वतःची संघटना उभारली.

पण समांतर संस्थांनाही धक्के बसत होते. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने अमेरिकेतलं वैद्यकीय शिक्षण सुधारलं हे खरं. त्याच अहवालानंतर कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकीय महाविद्यालयांपैकी पाच बंद पडली. हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच उरली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार, ती पाच चालू राहिली असती तर २०१९ पर्यंत आणखी सुमारे ३५,००० डॉक्टर बाहेर पडले असते. चिकाटीच्या गोष्टींत या हजारोंना जागाच नाही, कारण त्यांना चिकाटी दाखवायची संधीही मिळाली नाही.

कोंडी फुटली ती उत्तर कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावात. जॉर्ज सिमकिन्स या दंतवैद्याकडे दाताला गळू झालेला, ताप चढलेला एक रुग्ण आला. गावातली दोन मोठी रुग्णालयं त्याला घ्यायला तयार होईनात. ही दोन्ही रुग्णालयं केंद्र सरकारच्या पैशातून वाढलेली होती. ज्या कायद्याने तो पैसा मिळत होता, त्यात ‘वेगवेगळी पण समान’ सोय चालेल असं कलमच होतं. सिमकिन्स आणि त्यांचे सहकारी १९६२ मध्ये कोर्टात गेले आणि १९६३ मध्ये अपिलात जिंकले. त्यानंतर १९६६ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी मेडिकेअर योजना आली. भेदभाव करणाऱ्या रुग्णालयाला तिचा पैसा मिळणार नव्हता. अवघ्या काही महिन्यांत एक हजाराहून अधिक रुग्णालयांनी वेगळे वॉर्ड मोडून टाकले. डॉक्टरांच्या पिढ्यान्‌पिढ्या विनवण्या करून जे झालं नव्हतं, ते निधी अडताच झालं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कृष्णवर्णीय डॉक्टरांची जाहीर माफी मागायला मात्र २००८ साल उजाडलं.

रसायनशास्त्रज्ञ पर्सी ज्युलियन यांच्या आयुष्यात योगायोगाचाही वाटा होता. १८९९ मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरीत जन्म, १९२० मध्ये डीपॉ विद्यापीठात वर्गात पहिला. हार्वर्डमध्ये एम.ए. केलं; पण गोरे विद्यार्थी कृष्णवर्णीय शिक्षक चालवून घेणार नाहीत, या भीतीने विद्यापीठाने अध्यापन सहायकाची जागा काढून घेतली. तिच्याशिवाय पुढे शिकणं शक्य नव्हतं. डॉक्टरेटसाठी त्यांना व्हिएन्ना गाठावी लागली. ती १९३१ मध्ये मिळाली.

१९३५ मध्ये डीपॉच्या प्रयोगशाळेत त्यांनी योसेफ पिक्ल या सहकाऱ्याबरोबर काचबिंदूवर उपयोगी पडणारं फायसोस्टिग्मिन कृत्रिमरीत्या तयार केलं. ऑक्सफर्डचे रॉबर्ट रॉबिन्सन हे त्या काळचं मोठं नाव, पुढे नोबेल मिळालेलं. त्यांनी वर्णन केलेला पदार्थ आणि ज्युलियन यांचा पदार्थ जुळत नव्हते. एका लहान कॉलेजातल्या तरुणाने रॉबिन्सन चुकले आहेत असं छापून म्हणायचं, यात सगळी कारकीर्द पणाला लागत होती. ज्युलियन यांनी नैसर्गिक बियांमधून काढलेला पदार्थ आणि आपण बनवलेला पदार्थ यांचे वितळबिंदू ताडून पाहिले. ते जुळले. रॉबिन्सन चुकले होते.

एवढं होऊनही डीपॉने त्यांना प्राध्यापक केलं नाही. विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटन गावची एक संशोधन संस्था त्यांना घ्यायच्या विचारात होती, तर त्या गावात कृष्णवर्णीयाला रात्री मुक्काम करायला बंदी असल्याची अडचण निघाली. संस्थेच्या संचालकांत शिकागोच्या ग्लिडन कंपनीचे एक उपाध्यक्ष होते. त्यांनी ज्युलियन यांना आपल्या कंपनीत बोलावलं. ते संचालक त्या बैठकीला नसते तर काय, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. ग्लिडनमध्ये ज्युलियन यांनी सोयाबीनमधून काय काय काढलं याची यादी मोठी आहे: दुसऱ्या महायुद्धात जहाजांवरच्या आगी विझवणारा फेस, प्रोजेस्टेरॉन, संधिवातावरच्या औषधाचे घटक. एकदा सोयातेलाच्या मोठ्या टाकीत पाणी शिरलं आणि तेल नासलं. तळाशी साचलेला पांढरा थर पाहून त्यांच्या ध्यानात आलं की संप्रेरकं बनवायला हवा असलेला कच्चा माल तो हाच.

१९५० मध्ये त्यांनी शिकागोजवळच्या ओक पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं. राहायला जाण्यापूर्वीच कुणीतरी ते पेटवून द्यायचा प्रयत्न केला. पुढच्या जूनमध्ये घरावर डायनामाइट फेकण्यात आलं. मुलं तेव्हा घरात होती. देशातल्या अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञांपैकी एकाने बंदूक घेऊन घराभोवती रात्री जागवल्या. त्यांनी घर सोडलं नाही. पुढे स्वतःची कंपनी काढली, तिच्यात अनेक कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञांना काम दिलं आणि १९६१ मध्ये ती तेवीस लाख डॉलरना विकली.

हॉलिवूडच्या ‘हिडन फिगर्स’ या चित्रपटामुळे नासाच्या लँगली संशोधन केंद्रातल्या गणिती स्त्रिया भारतातही माहीत झाल्या. चित्रपटात गोरा साहेब हातोडा घेऊन स्वच्छतागृहावरची पाटी फोडतो. असं काही घडलं नव्हतं. कॅथरीन जॉन्सन यांनी पाटी नसलेलं स्वच्छतागृह सरळ वापरायला सुरुवात केली आणि कुणी काही बोललं तरी बदल केला नाही. त्याहून बोलका प्रसंग मिरियम मान यांचा आहे. जेवणघरातल्या एका मागच्या टेबलावर ‘कलर्ड कॉम्प्युटर्स’ असं पुठ्ठ्याचं फलक ठेवलेलं असे. आकडेमोड करणाऱ्या स्त्रियांना तेव्हा कॉम्प्युटर म्हणत. मान यांनी एके दिवशी ते फलक उचलून पर्समध्ये टाकलं. काही दिवसांत नवीन आलं. त्यांनी तेही उचललं. असं बराच काळ चाललं आणि अखेर फलक यायचं थांबलं.

पण या स्त्रिया तिथे पोचल्या कशा? रेल्वेच्या शयनयान कर्मचाऱ्यांचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९४१ मध्ये वॉशिंग्टनवर प्रचंड मोर्चा नेण्याची धमकी दिली. तो टाळण्यासाठी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी २५ जूनला संरक्षण उद्योगांत वर्णभेदाला मनाई करणारा आदेश काढला. डोरोथी व्हॉन १९४३ मध्ये शाळेतली नोकरी सोडून लँगलीत आल्या, त्या या आदेशामुळे मोकळ्या झालेल्या वाटेने. १९४९ मध्ये त्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख झाल्या. यंत्रसंगणक येताना दिसताच त्यांनी फोरट्रान ही संगणकभाषा शिकून घेतली आणि इतरांनाही शिकवली. १९५८ मध्ये वेगळा विभाग बंद झाला. त्यानंतर व्हॉन यांना प्रमुखपद पुन्हा मिळालं नाही. मेरी जॅक्सन यांना अभियंता व्हायचं होतं. त्यासाठीचे रात्रीचे वर्ग हॅम्प्टनच्या गोऱ्यांच्या शाळेत भरत, म्हणून वर्गात बसण्यासाठी त्यांना शहराकडे खास परवानगी मागावी लागली. १९५८ मध्ये त्या अभियंता झाल्या. दोन दशकांनंतर, वरच्या पदाची वाट अडलेली पाहून, त्यांनी खालचा हुद्दा पत्करला आणि इतर स्त्रियांच्या बढतीचं काम हाती घेतलं. नासाच्या वॉशिंग्टनमधल्या मुख्यालयाला आज त्यांचं नाव आहे.

लॉस एंजलिसचे वास्तुरचनाकार पॉल विल्यम्स यांनी तर एक कसबच कमावलं होतं. गोऱ्या गिऱ्हाइकाला आपल्या शेजारी बसणं अवघड वाटू नये, म्हणून ते टेबलाच्या पलीकडून उलटं रेखाटन करायचे. समोरच्याला घर सुलट दिसायचं. गिऱ्हाईक थक्क व्हायचं आणि काम मिळायचं. १९२३ मध्ये ते अमेरिकन वास्तुरचनाकारांच्या संस्थेचे पहिले कृष्णवर्णीय सभासद झाले. त्यांनी ज्या वस्त्यांत बंगले बांधले, त्यांतल्या अनेक वस्त्यांत खरेदीखतातल्या अटींमुळे त्यांना स्वतःला राहता आलं नसतं. संस्थेचं सुवर्णपदक त्यांना २०१७ मध्ये मिळालं, मृत्यूनंतर सदतीस वर्षांनी. ते उलटं रेखाटन कौतुकाने सांगितलं जातं. एका प्रतिभावंताला दुसऱ्याच्या पूर्वग्रहाची सोय बघण्यासाठी इतकी मेहनत घ्यावी लागली, याचा संतापही यायला हवा.

वकिलांनी हा प्रश्न मुळातून धरला. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी हॉवर्डच्या रात्रीच्या कायदा वर्गांचं पूर्णवेळ कॉलेज केलं आणि वर्णभेदाचे कायदे कोर्टात पाडू शकतील असे वकील घडवले. थर्गुड मार्शल हे त्यांचेच विद्यार्थी. गोऱ्यांसाठी राखलेल्या ज्या मेरीलँड विद्यापीठाची दारं मार्शल यांना बंद होती, त्याच विद्यापीठात गुरुशिष्यांनी १९३५ मध्ये एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला कोर्टाकरवी प्रवेश मिळवून दिला. ह्यूस्टन यांचा आणखी एक खटला नोकरीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा. इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनांच्या संघटनेने कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारलं आणि मग रेल्वेशी करार करून त्यांना कामावरूनच हटवायला सुरुवात केली. बेस्टर स्टील नावाच्या फायरमनच्या बाजूने ह्यूस्टन उभे राहिले. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सगळ्यांच्या वतीने करार करणाऱ्या संघटनेने सगळ्यांचंच हित बघितलं पाहिजे. कामगारांमध्येही वर्णभेद किती खोल गेला होता, हे या खटल्याने उघड केलं.

याच्या आधी कॅलिफोर्नियात सखाराम गणेश पंडित नावाचे भारतीय वकील होते. अहमदाबादेत जन्म, १९०६ मध्ये अमेरिकेत, १९१४ मध्ये नागरिकत्व, १९१७ मध्ये वकिलीची सनद. भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ते वकील होते. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस ‘गोरा’ नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला आणि सरकारने दिलेली नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात केली. पंडितांवरही नोटीस आली. नागरिकत्व गेलं की सनद जाणार, घर जाणार. त्यांनी स्वतःचा खटला लढवला. त्यांचा मुद्दा असा की सरकारच्या शब्दावर विसंबून मी इथे आयुष्य उभं केलं, आता सरकारला मागे फिरता येणार नाही. अपील न्यायालयाने १९२६ मध्ये तो मान्य केला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची दाद ऐकायला नकार दिला आणि इतर भारतीयांवरचे उरलेले खटले सरकारने सोडून दिले. एकट्याच्या हट्टाचा फायदा सगळ्यांना झाला, कारण त्याची कोर्टात नोंद झाली.

मार्लन ग्रीन हे हवाईदलात विमानं चालवलेले अनुभवी वैमानिक. १९५७ मध्ये त्यांनी काँटिनेंटल एअरलाइन्सकडे अर्ज केला. वंशाची चौकट कोरी सोडली, फोटो लावला नाही. चाचणी दिली. कमी तासांचा अनुभव असलेले गोरे निवडले गेले, ग्रीन नाही. त्यांनी कोलोरॅडो राज्याच्या आयोगाकडे तक्रार केली आणि खटला सहा वर्षं चालला. या काळात त्यांनी मिळेल ते काम करून घर चालवलं. २२ एप्रिल १९६३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९६५ मध्ये ते काँटिनेंटलचं विमान चालवू लागले आणि १९७८ मध्ये निवृत्त झाले. दरम्यान दुसऱ्या मोठ्या विमान कंपन्यांनीही कृष्णवर्णीय वैमानिक घेतले.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतला वर्णभेद देशभर बेकायदा ठरवला. त्यातली नोकरीविषयीची कलमं २ जुलै १९६५ ला लागू झाली. उत्तर कॅरोलायनातल्या ड्यूक पॉवर कंपनीच्या डॅन रिव्हर वीजकेंद्रात तोवर कृष्णवर्णीयांना फक्त मजूर विभागात ठेवलं जाई. त्या विभागातला सगळ्यात मोठा पगार इतर विभागांतल्या सगळ्यात लहान पगारापेक्षा कमी होता. नेमक्या त्याच दिवशी कंपनीने इतर विभागांसाठी दोन लेखी चाचण्या सुरू केल्या. शाळा न संपवलेले गोरे कर्मचारी तीच कामं आधीपासून नीट करत होते. चौदापैकी तेरा कृष्णवर्णीय कर्मचारी कोर्टात गेले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कामाशी संबंध नसलेली आणि एका गटाला बाहेर ठेवणारी चाचणी, हेतू कितीही निर्दोष असला तरी, कायद्यात बसत नाही. नोकरभरतीच्या इतिहासात या निकालाइतकं महत्त्व फार थोड्या गोष्टींना आहे.

आता शरीराकडे येऊ, कारण चिकाटीचा भार शरीर उचलतं. साथरोगतज्ज्ञ शर्मन जेम्स १९७० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर कॅरोलायनात कृष्णवर्णीय पुरुषांच्या उच्च रक्तदाबाचा अभ्यास करत होते. तिथे त्यांना जॉन हेन्री मार्टिन नावाचा निवृत्त शेतकरी भेटला. दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणाऱ्या या माणसाने जिवाचं रान करून चाळिशीतच पंचाहत्तर एकर स्वतःची केली. पन्नाशीत त्याला रक्तदाब, संधिवात आणि पोटाचा अल्सर जडला होता. लोककथेतला जॉन हेन्री यंत्राशी शर्यत लावून जिंकतो आणि तिथेच मरतो. ते नाव घेऊन जेम्स यांनी बारा प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. जे कमालीच्या जिद्दीने झुंजतात आणि ज्यांच्याकडे पैसा-शिक्षण तुटपुंजं असतं, त्यांच्यात उच्च रक्तदाबाचं प्रमाण जास्त आढळलं. तरुणांना ‘जिद्द सोडू नका’ असं सांगणाऱ्या प्रत्येक भाषणाआधी हे संशोधन वाचलं जावं.

आज उघड बंदी कुठेच नाही. भेदभाव मोजावा लागतो. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना जवळपास ५,००० बनावट अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावांत. गोरी वाटणारी नावं असलेल्यांना दर दहा अर्जांमागे एक उत्तर आलं; कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना त्यासाठी पंधरा अर्ज करावे लागले. त्यांचा निबंध २००४ मध्ये आला. म्हणजे समान गुणांच्या उमेदवाराकडे दीडपट चिकाटी मागितली जात होती आणि त्याला ते कधी कळतही नव्हतं.

पुढे पॅट्रिक क्लाइन, इव्हान रोझ आणि क्रिस्टोफर वॉल्टर्स यांनी देशातल्या १०८ बड्या कंपन्यांकडे सुमारे ८३,००० अर्ज पाठवून हाच प्रश्न अधिक बारकाईने तपासला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत आशेला जागा आहे. भेदभाव सगळीकडे सारखा पसरलेला नाही. कृष्णवर्णीय उमेदवारांच्या हुकलेल्या संधींपैकी जवळपास निम्म्या संधी एक पंचमांश कंपन्यांमध्येच हुकल्या. जिथे भरती स्थानिक साहेबाच्या मर्जीवर न सोडता एका मध्यवर्ती विभागाकडे ठेवलेली होती, तिथे तफावत कमी दिसली. २०२४ मध्ये या संशोधकांनी कंपन्यांना श्रेणी देऊन त्यांची नावं जाहीर केली. मार्लन ग्रीन यांना आपल्यावर झालेला अन्याय सिद्ध करायला सहा वर्षं लागली होती. आता तेच मोजमाप अर्जदाराला न शिणवता, थेट कंपन्यांच्या दारात जाऊन करता येतं.